नटावरचं सूत

तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंच आहे. ओळखीच्या माणसासमोर हे बोलायची माझी छाती कधी झाली नाही. मुलीला नाही, शेजारी नाही, आणि जिला सांगायचं होतं ती तर गेली. सहावीपर्यंत शिकलेला माणूस आहे मी, वाकडंतिकडं लिहिलं जाईल. चालवून घ्या. नका घेऊ चालवून, तरी लिहितोच.

उज्जैनच्या एका कापड मिलमध्ये मी फिटर होतो. पाण्याचे पाइप, वाफेचे पाइप, सगळं माझ्या हातून जायचं. मिल बंद पडली, पण ताठा काही बंद पडला नाही. माझ्या हातचं काम गळत नाही, असं मी चारचौघात बोलायचो. मग एक जुनी गाडी घेतली, छोटी, पांढरी. आणि कमल, म्हणजे माझी बायको, फ्रीगंजमधल्या मोटार स्कूलमध्ये जाऊन ती चालवायला शिकली. सत्तेचाळीस वर्षांची होती तेव्हा. देवासला तिची आई एकटी राहायची, तिच्यासाठी.

चांगली चालवायची. माझ्यापेक्षा चांगली. हे लिहितानासुद्धा हात अडतो बघा! समोरचे तिवारीजी एकदा गल्लीत सगळ्यांसमोर म्हणाले, "भाभीजी से सीखो भाईसाब, आप तो गियर ऐसे डालते हो जैसे हैंडपंप चला रहे हो." सगळे हसले. कमल पण हसली. मी पण दात काढले. आतून काय झालं, ते सांगायला हवं का?

त्याच आठवड्यात रविवारी मी गाडीचं ऑइल बदललं. इंजिनाच्या तळाला ऑइलची टाकी असते, तिला चेंबर म्हणतात. तिच्या बुडाला एक नट असतो, तो काढला की जुनं ऑइल खाली येतं. तो नट परत लावायचा तर हाताच्या जोराने, बस. पण मी फिटर ना! पान्याला हातभर पाइप लावला आणि लटकलो. एकदम हात हलका झाला. नट नुसताच फिरायला लागला, लोण्यात फिरावा तसा. चूडी मेली. आटे गेले.

मिलमधल्या नव्या पोरानेसुद्धा असं केलं तर मी त्याची आई-बहीण काढायचो.

मग काय केलं? नटावर सूत गुंडाळलं, वर सफेद्याचा पांढरा लेप फासला. पाण्याच्या पाइपाला करतात तसं. ऑइलसमोर ते टिकत नाही, हे मला माहीत नव्हतं? पक्कं माहीत होतं. तरी फासलं, हात पुसले आणि चहा मागितला.

दोन दिवसांनी कमल देवासला जाऊन आली. आली तशी स्वतःहून बोलली, "अहो, एका स्पीडब्रेकरवर खालून काहीतरी लागलं हो गाडीला. बघता का जरा?" दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गाडीखाली काळा डाग होता, रुपयाएवढा.

मी गाडीखाली गेलो. सूत भिजून लोंबत होतं. वर चेंबर जसंच्या तसं, एक पोचा नाही. मी बाहेर आलो, कपडे झटकले, आणि तिच्याकडे बघून बोललो, "चेंबर फोडलंस."

बस, दोन शब्द.

तिने पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. मी नको म्हणालो नव्हतो. म्हणायची गरजच पडली नाही! अकरा वर्षं ती गुडघे धरत बसने देवासला जायची. मला वेळ असला की मी न्यायचो, आणि मला वेळ नसायचाच. आई गेली त्या आठवड्यात पण ती बसनेच गेली. आणि रोज सकाळी रॉकेलचा बोळा घेऊन अंगणातला डाग पुसायची. वाकून, एक हात फरशीवर टेकवून. मी ओट्यावर बसून बघायचो. लग्नकार्यात मी तो किस्सा सांगायचो, आमच्या मॅडमनी चेंबर कसं फोडलं, आवाज काढून, हातवारे करून. लोक पोट धरून हसायचे. ती पदर सारखा करत म्हणायची, "माझंच चुकलं बाई."

"टावर चौकाच्या मागे मिस्त्री आहे, दाखवा ना त्याला," असं किती वेळा म्हणाली असेल! मी तिच्यावरच खेकसायचो. कारण कोणताही मिस्त्री खाली शिरला असता तर एका मिनिटात त्याला ते सूत दिसलं असतं. ती मंदिरात गेली की मी गाडीखाली शिरून सूत बदलायचो, वरून ऑइल टाकायचो. म्हणजे गळती मीच सांभाळली. मूल सांभाळतात तशी. थू!

मागच्या थंडीत ती गेली. गेल्या आठवड्यात मी गाडीखाली शिरलो. जुनं ऑइल काढलं. मोठ्या मापाचे आटे पाडले, पत्र्याचा कीस आत जाऊ नये म्हणून हत्याराला ग्रीस लावून. एक नंबर मोठा नट लावला, खाली तांब्याचं वायसर घातलं. पाइप लावला नाही. हाताने घट्ट केला. अर्धा तास लागला. अकरा वर्षांपूर्वीही अर्धाच तास लागला असता, आणि तेव्हाही मला हे काम येत होतं.

त्या संध्याकाळी भोपाळहून मुलीचा फोन आला. गाडी विकून टाका म्हणत होती. मी सांगितलं, गळती बंद झाली.

"अरे वा! कुणी केली?"

"मिस्त्रीने."

"काय निघालं मग?"

घरात कुणी नव्हतं. ज्याची लाज वाटावी असं एक माणूस उरलं नव्हतं. सत्य सांगायला कितीसे शब्द लागतात?

"चेंबरच," मी बोललो. "तुझ्या आईने फोडलेलं."

ती म्हणाली, "आईला फार लागलं होतं हो ते, बाबा. शेवटी दवाखान्यात पण मला म्हणाली होती, तुझ्या बाबांची गाडी मी खराब केली."

मी हो म्हणालो. आणि फोन ठेवला.