हळदीच्या बजेटात बसवलेली जीप

आईशप्पथ, हे सगळं खरं आहे. एक अक्षर खोटं नाही. म्हणजे चिखलाचा किस्सा मी थोडा घट्ट करून सांगतोय, आणि एका ठिकाणी मी स्वतः नव्हतो. पण बाकी खरं. जितूला विचार. तो पण हेच सांगेल, फक्त त्याचे आकडे मोठे असतील.

मी वडप्याला गोदामात सुपरवायझर आहे. आमच्याकडे रिटर्नचा माल येतो ना, तो परत न्यायला कोणी येत नाही आणि फेकायला मन होत नाही. कोपऱ्यात ढीग वाढत जातो. जितूच्या जीपचे किस्से तसेच साठलेत. आज थोडा स्टॉक क्लिअर करतो.

आधी मॅटर समजून घे. जितू माझा शाळेपासूनचा मित्र, पूर्णा गावचा. जीप त्याच्या बाबांची, म्हणजे हरीकाकांची. जितू जन्मला तेव्हा त्याला दवाखान्यातून याच जीपमधून घरी आणलेला. आता तीन वर्षं ती त्यांच्या शेवटच्या गाळ्यात उभी होती. जितूला ती डोंगर चढणारी करायची होती. मोठे टायर, सहा इंच जास्त उंची, वर लोखंडी पाइपांचा पिंजरा, पुढे ओढायला विंच. सगळं.

त्यात जितूचं लग्न ठरलं. हळदीचं जेवण त्याच गाळ्यात शिजणार होतं. काकांनी एकच अट घातली.

"हळदीच्या दिशी तीन वाजता भंगारवाला येनार हाय. त्याच्या आदी गारी सोताच्या इंजिनावर भायेर पडली तर तुजी. न्हाय तर त्याची."

हातात अडीच महिने होते.

*

मला एक्सेल येतं, म्हणून मी अर्थमंत्री झालो.

टपरीवर बसून पहिली शीट बनवली. टायर, विंच, पिंजरा, स्प्रिंगा, इंजिनचं काम, कलर, हॉर्न. टोटल दोन लाख पंच्याऐंशी हजार. जितूकडे होते पंचेचाळीस.

जितूने मोबाइल हातात घेऊन शीट बराच वेळ बघितली. "टोटल चुकली असेल."

"टोटल मशीन करते."

"मग मशीनला सांग ना, आपल्याकडे पंचेचाळीसच हायत!"

मी त्याच्यासमोर एकेक लाइन डिलीट करत गेलो. विंच गेला. टायर गेले. पिंजरा गेला. स्प्रिंगा गेल्या. शेवटी इंजिन गेलं. उरला कलर आणि हॉर्न. त्रेचाळीस हजार.

"बसलं बघ," मी म्हटलं.

जितू एकदम सिरियस. "दोन हजार उरले ना? मग त्याच्यात इंजिनचं बघ काहीतरी."

*

काम करायला शेलार गावचे असगरभाई आले. पंचवीस वर्षं पॉवरलूमवर फिटर होते, आता फॅब्रिकेशन करतात. माणूस असा की लोखंड त्यांना घाबरतं. पण टेप वापरत नाहीत.

गाडीची खालची उंची किती झाली हे बघायची त्यांची स्वतःची पद्धत. घरून येणारा जेवणाचा स्टीलचा डबा गाडीखालून ढकलायचा. डबा न अडकता पलीकडे गेला की काम पास.

सोमवारी डबा अडकला. मंगळवारी त्यांनी स्प्रिंगला एक लोखंडी पट्टा वाढवला, डबा सरळ पलीकडे. आम्ही टाळ्या वाजवल्या. जितूने पट्ट्याचे पैसे दिले.

शुक्रवारी परत अडकला.

"बैठ गयी," असगरभाई बोलले. "स्प्रिंग बैठ गयी. और एक पट्टा लगेगा."

जितूने गपचूप अजून पैसे दिले. पट्टा लागला, डबा पास. मग असगरभाई जेवायला बसले आणि डबा उघडला. रोज तीन कप्पे असायचे. आज चार.

"भाई, आज चौथा कप्पा?" मी विचारलं.

"जुम्मा है ना," असगरभाई म्हणाले. "जुम्मे को बिर्याणी अलग आती है."

जितूने जेवण बघितलं, मग गाडीकडे बघितलं. "मग तो पट्टा काढायचा?"

"क्यों? शुक्रवार को गाडी नहीं चलाएगा?"

पट्टा राहिला.

*

आता चिखल. यात माझी थोडी चूक आहे, मान्य.

मी मजा म्हणून शीटमध्ये एक लाइन टाकली. "चिखल, टेस्टिंगसाठी, दोन ब्रास, सहा हजार." एप्रिल महिना, सगळीकडे नुसती धूळ. म्हटलं, जितू वाचेल, शिव्या घालेल, विषय संपेल.

दोन दिवसांनी जितूचा फोन. आवाजात आनंद. "चिखल साडेचार हजारांत बसवला! दीड वाचले!"

"कोणी दिला?"

"मुरूमवाल्याने. त्याने विचारलं, ओला पाहिजे का सुका. सुका स्वस्त पडतो."

सुक्या चिखलाला आमच्याकडे माती म्हणतात. पण पोरगा एवढा खूश होता की मी गप्प बसलो.

माती काकांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर पडली. मग ती ओली करायला पाण्याचा टँकर मागवला. टँकरवाला बिचारा सांगितलं तिथे गेला, मधोमध उभा राहिला आणि कॉक सोडला. पाणी संपेपर्यंत टँकर अर्ध्या चाकापर्यंत आत.

टँकर काढायला जेसीबी आला. जेसीबीवाला खाली उतरून म्हणाला, "कोणी केला रे एवढा चिखल? पाऊस तर नाय पडला!"

जितू म्हणाला, "विकत घेतला."

जेसीबीवाल्याने तिथल्या तिथे पाचशे रुपये वाढवले.

जीप तेव्हा गाळ्यातच होती, चाकं काढून. मी शीटमध्ये एंट्री केली: "टेस्टिंग पूर्ण. चिखल चांगला आहे."

*

महिना राहिला आणि पैसे संपले. इंजिनचं काम अर्धवट, टायर यायचे, पिंजऱ्याचे पाइप यायचे. जितू दोन दिवस नीट जेवला नाही. टपरीवर पण नुसता बसून राहायचा. म्हणाला, "नेऊ दे भंगारवाल्याला. जाऊ दे."

मला खरंच वाईट वाटलं. म्हणून मी अक्कल लावली.

बघ, पूर्ण्यात माणूस लग्नात काटकसर करेल. साखरपुड्यात करेल. हळदीत नाही करणार! हळदीचं बजेट कमी कर असं गावात आजवर कोणी बोललेलं नाही. हळदीचा खर्च काकांचा, आणि त्याची शीट पण माझ्याकडेच होती.

मी फक्त दोन शीट एक केल्या.

चार टायर झाले "मंडपाचे पाय, चार". स्प्रिंगांचं काम झालं "स्टेज सहा इंच वर घेणे". विंच झाला "ओढायची मशीन". पिंजरा झाला "लोखंडी कमान". इंजिनचं नाव काय ठेवू सुचेना, म्हणून "मुख्य आकर्षण" लिहिलं.

संध्याकाळी काका चष्मा लावून बसले. एकेक लाइन बोट ठेवून वाचली. जितू समोर पाणी पीत होता. चौथा ग्लास.

"ह्ये मंडपाचं पाय चारच?" काका म्हणाले.

"हो काका."

"लोकं काय बोलतील? आठ कर!"

मी आठ केले.

"आनि कमान येकच? न्हाय न्हाय. दोन."

दोन केल्या. काकांनी मुख्य आकर्षणाला पण दहा हजार वाढवून दिले. काय आहे ते विचारलं नाही.

आठवड्याने काका सहज गाळ्यात आले. आत जीप, तिच्यावर पिंजरा, कोपऱ्यात चार टायर जास्तीचे. (इथे मी नव्हतो. असगरभाईंनी सांगितलं.) काका जीपभोवती एक फेरी मारून आले. पिंजऱ्यावर हात ठेवला.

"कमान हीच?"

"हो बाबा," जितू म्हणाला.

"मंडपात न्हाय लावायची?"

असगरभाईंनी हातातलं वेल्डिंगचं हँडल बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "चलती कमान है काका. नवरदेव अंदर बैठेगा."

काकांनी पिंजऱ्याचा पाइप हलवून बघितला. मग म्हणाले, "बरं. पन तीन वाजता म्हंजी तीन वाजता."

*

हळदीचा दिवस. दुपारचे दोन. आचारी मोठमोठी पातेली घेऊन गाळ्याबाहेर बसलेला, म्हणत होता, "शेठ, गाडी काढा, भात लावायचाय." आत जितूने चावी फिरवली.

पहिल्या फटक्यात चालू! असगरभाईंनी डोळे पुसले. मी पण जरा दुसरीकडे बघितलं.

जीप थाटात पुढे आली आणि ठण्ण करून थांबली.

शटर सात फूट. जीप आता सात फूट तीन इंच.

अडीच महिने आम्ही तिघं त्या शटरखालून रोज ये-जा करत होतो. माझ्या शीटमध्ये चिखलाची लाइन होती. दाराची नव्हती.

"पिंजरा कापा!" जितू ओरडला.

"मेरा वेल्डिंग काटेगा?" असगरभाई म्हणाले. "पहले मेरे को काट."

टायरची हवा काढली. एक इंच खाली. अजून दोन इंच बाकी. मग असगरभाई म्हणाले, "वजन डालो. दबेगी."

हळदीला आलेल्या आत्या, मावश्या, काक्या बाहेर जमल्याच होत्या, सगळ्या एकसारख्या हिरव्या साड्यांत. जितूची मोठी आत्या म्हणाली, "आमी बसतो ना! कुटं जायचंय?"

"कुठे नाय आत्या. दारापर्यंत."

"बरं, चल."

अशा जीपमध्ये चौदा माणसं बसणं हा आमच्याकडे रेकॉर्ड नाही, ती सुरुवात आहे. अकरा बायका, मी, असगरभाई, जितू. जीप खाली गेली. असगरभाईंनी मान बाहेर काढून वर बघितलं. अजून अर्धा इंच.

तीनला दहा कमी. भंगारवाला टेम्पो घेऊन हजर. अंगाने भरलेला माणूस. उतरला, आमच्याकडे बघितलं, शटरकडे बघितलं. आयुष्य गेलंय त्याचं नजरेने वजन सांगण्यात. न विचारता बोलला, "अभी अस्सी-पच्यासी किलो और लगेगा."

जीपमधल्या सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे बघितलं.

"मेरे को मत देखो," तो म्हणाला. "मैं गाडी लेने आया हूँ."

आत्याने बसल्या जागेवरून हात लांब केला आणि त्याचं मनगट धरलं. "ये रं भाऊ. लगनाचं घर हाय. न्हाय बोलू नये."

तो बसला.

"डोकी खाली!" मी ओरडलो. पंधराच्या पंधरा डोकी खाली गेली. जितूचं पण. समोर काका उभे राहून हात हलवत होते, "येऊ दे, येऊ दे, सरल, सरल." वर पिंजरा शटरला घासत गेला, कर्रर्र. आत्या आतून म्हणत होती, "कोनी श्वास वर घेऊ नका गं!"

बाहेर आलो. एकेक उतरत गेला आणि जीप हळूहळू वर येत गेली. शेवटी भंगारवाला उतरला, तेव्हा ती पूर्ण उभी राहिली.

काकांनी घड्याळ बघितलं. तीनला दोन कमी. बॉनेटवर हात ठेवला आणि जितूला एवढंच म्हणाले, "तुजी."

भंगारवाला रिकाम्या टेम्पोकडे बघत उभा होता. काका त्याला म्हणाले, "जेवूनशान जा."

जेवला. दोनदा भात घेतला.

आता पाऊस तोंडावर आलाय, जीप परत आत घ्यायचीय. शटर उंच करायची नवीन शीट केलीय मी. तुझ्या नावासमोर पाचशे लिहिलेत. काढ. नसतील तर वजन सांग.