पार्वताबाईंच्या जेवणाची वेळ

"सिस्टरबाई, तिचे हात काऊन बांधले?"

खिडकीच्या गजांना धरून सोमाभाऊ बाहेर उभे होते. आवाज चढलेला नव्हता. मी हातातला ट्रे खाली ठेवला. हात मीच बांधले होते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपूरच्या एका खाजगी नर्सिंग होममध्ये मी स्टाफ नर्स होते. माहेर नागभीडचं. धम्मदीक्षेनंतर वडिलांनी हट्टाने आम्हा बहिणींना शिकवलं, त्यातली मी नर्सिंगला गेले. कामाचा मला अभिमान होता. जरा जास्तच होता.

पार्वताबाई सोमाभाऊंची बायको. वय पंचावन्नच्या आसपास. मार्कंड्याच्या बाजूला वैनगंगेत जाळं टाकून जगणारं हे जोडपं, मूलबाळ नव्हतं. सहा वर्षांपासून बाईंना पार्किन्सन्स होता, म्हणजे कंपवात. यात हालचालीला लागणारं एक रसायन मेंदूत कमी पडतं. हात थरथरतात, अंग आखडतं, चेहऱ्यावरचे भाव जातात, पुढे घासही गिळवत नाही. गोळी ती कमतरता थोडा वेळ भरून काढते. थोडाच वेळ.

बाई आल्या होत्या न्यूमोनियाने. अन्न श्वासनळीत गेलं होतं. फिमेल वॉर्डात पुरुष नातेवाईकाला फक्त चार ते सहा प्रवेश. बाकीचा दिवस सोमाभाऊ खिडकीबाहेर बसून काढत.

आमची औषधाची ट्रॉली सकाळी सहाला, दुपारी दोनला आणि रात्री दहाला फिरायची. जेवण बाराला यायचं. आया भरवायला बसली की बाईंचे दात मिटलेले. पाणी दिलं की ठसका. दोन दिवस असंच गेलं. डॉक्टरांनी राइल्स ट्यूब टाकायला सांगितली. ही नाकातून पोटात जाणारी नळी, तिच्यातून पातळ अन्न देतात. बाईंनी ती दोनदा ओढून काढली. तिसऱ्यांदा मी बँडेजने दोन्ही मनगटं कॉटला बांधली आणि चार्टवर लिहिलं, 'अनकोऑपरेटिव्ह'. म्हणजे पेशंट ऐकत नाही.

"त्या नळी ओढतात, भाऊ," मी म्हटलं.

"ओढत नाई, बाई. हात थरथरते तिचा. नाकाले लागते, अटकते, निघून जाते. अन् ती जेवत नाई असं नाई. तुमची येळ चुकून राह्यली."

"कशी?"

"घरी मी गोळी देतो अन् बसून राह्यतो. तिचं तोंड लाकडावानी असते. मंग हळूहळू सुटते. डोळे हालले का भरवतो. पाणी नाई देत, घट्ट पेज देतो. पातळ तिले ठसकते."

मी चार्ट काढून पाहिला. सहाच्या गोळीनंतर बाराला जेवण. सहा तास. गोळीचा असर केव्हाच उतरलेला. आम्ही रोज नेमक्या आखडलेल्या वेळी त्यांच्या तोंडात घास कोंबत होतो.

राऊंडला आलेल्या डॉक्टरांना मी हे सांगितलं. ते वैतागले.

"आता मासे धरणारा माणूस मला डोस शिकवणार?"

"डोस नाही सर, वेळ. एकदा बघू द्या."

"पुन्हा फुप्फुसात गेलं तर?"

"मी शेजारी सक्शन मशीन घेऊन बसते." हे घशातलं ओढून काढायचं यंत्र. "जबाबदारी माझी."

मेट्रनबाई मध्ये पडल्या. "आणि पुरुष माणूस वॉर्डात? बाकीच्या बायका काय म्हणतील?"

पलीकडच्या कॉटवरची बाळंतीण म्हणाली, "येऊ द्या ना मॅडम. आमी पडदा लावतो."

डॉक्टर चार्टकडे बघत राहिले. मग म्हणाले, "एक वेळ. फक्त एक."

मी हात सोडले, नळी काढली. मनगटांवर बँडेजचे वळ उठले होते. सोमाभाऊंनी ते पाहिले. उशी पाठीशी उभी केली, गोळी कुस्करून घट्ट पेजेत कालवून बोटाने थोडी थोडी गालात सोडली आणि बायकोकडे बघत बसले. वीस मिनिटं काहीच नाही. अर्धा तास झाला. मेट्रनबाई दोनदा डोकावून गेल्या. मी सक्शनची नळी हातातच धरून होते.

मग बाईंचा जबडा सैलावला. त्यांनी मान वळवली. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज मी ऐकला, पुटपुटल्यासारखा.

"तुमी जेवले का?"

सोमाभाऊंनी मान खाली घातली. "तू खा अगुदर," म्हणाले आणि पेजेचा चमचा पुढे केला. अर्धी वाटी पेज गेली. एकही ठसका नाही.

संध्याकाळी मी बाईंजवळ गेले. "माझी चूक झाली, बाई," म्हटलं.

"जाऊ दे बाई. तुले का मालूम," त्या म्हणाल्या. ते मला रागावण्यापेक्षा जड गेलं. चार्टवरचा शब्द मी खोडला आणि खाली सही केली.

डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळ्यांच्या वेळा बदलल्या. न्यूमोनिया उतरला, दहाव्या दिवशी बाई घरी गेल्या. मेट्रनबाईंनी नियम बदलला नाही. फक्त जेवणाच्या वेळी त्या वॉर्डात यायच्या बंद झाल्या.

दीड वर्षाने सोमाभाऊ एकटेच आले. हातात गोळ्यांची अर्धी बाटली.

"दुसऱ्या कोणाच्या कामी येतीन ह्या," म्हणाले.

मी त्यांना चहा दिला. शेवट कसा झाला, ते त्यांनी थोडक्यात सांगितलं. घरी, सकाळी, पेज घेतल्यानंतर. मग बस धरायची म्हणून ते उठले.

पुढे बरीच वर्षं मी नव्या मुलींना शिकवलं. पेशंट जेवत नसेल तर घरी त्याला कोण भरवतं, ते आधी विचारा आणि त्या माणसाला आत बोलवा. हे आमच्या पुस्तकात नव्हतं. असलं तरी मी ते पान वाचलं नव्हतं.