समोरचे ब्रेक

बोरगावच्या पुढे सडक सरळ आहे आणि थोडी उताराची. तिथे पोचल्यावर मी ‘ब्रेक!’ म्हणून ओरडलो. ट्रक चालवणाऱ्या नत्थुजींनी दाणकन पाय दाबला. मागची चाकं किंचाळली, टायर जळाल्याचा वास आला आणि ट्रक पुढेच जात राहिला.

आम्ही सडकेवर चुन्याच्या दोन रेघा मारल्या होत्या. पहिलीवर ब्रेक दाबायचा, दुसरीच्या आत गाडी उभी राहायची. मी जागा सढळ हाताने ठेवली होती. तरी दुसरी रेघ आमच्या खालून निघून गेली. तेवढ्यात उजव्या हाताच्या, शेतांतून येणाऱ्या पांदणीतून एक बैलगाडी सडकेवर चढली. लाल झेंडी घेऊन उभा केलेला आमचा चपराशी खूप पुढे होता. तो ओरडत होता, पण कोणाला ऐकू जाणार!

नत्थुजींनी स्टिअरिंग डावीकडे मारलं. ट्रकच्या मागच्या कोपऱ्याने बैलगाडीचं चाक उडवलं, आणि आम्ही सडक सोडून पऱ्हाटीच्या वावरात, उभ्या कपाशीत शिरलो. ट्रकमध्ये भरलेली सरकीची पोती धपाधप खाली आली. मग सगळं शांत झालं. माझे हात डॅशबोर्डला असे चिकटले होते की ते सोडवायला मला वेळ लागला.

मी खाली उतरून सडकेकडे पळालो. बैल जू मोडून बाजूला उभे होते, थरथरत. गाडीवर एक बाई होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्या हातांवर पडल्या होत्या. कोपर सोलून रक्त निघत होतं. मी त्यांना उठवलं. वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा माझ्या खाकी कपड्यांकडे.

“बापू, गाडी थांबली काहून नाई?”



महाराष्ट्र नुकताच झाला होता. मी अकोल्याला मोटार इन्स्पेक्टर होतो. आमचं मुख्य काम म्हणजे पासिंग. ट्रक वर्षातून एकदा आमच्यापुढे आणायचा, आम्ही इंजिन, दिवे, ब्रेक तपासायचे, आणि गाडी सडकेवर चालवायला लायक आहे असं लिहून द्यायचं. त्या सुमारास अकोला-अमरावती सडकेचं डांबरीकरण झालं होतं. ट्रकमालकांनी अर्ज केला की मालगाड्यांची वेगमर्यादा वाढवून द्या. आमचे साहेब अमरावतीला बसत. पुण्याकडचे, शिस्तीचे. त्यांनी मला बोलावून घेतलं.

“मालकांचं म्हणणं कळलं. गाडी चालवतो ड्रायव्हर. त्यांची मतं घ्या. आणि अर्जात मागितलेल्या वेगाने एखादा भरलेला ट्रक थांबवून बघा.”

मी मूळचा बाळापूरचा. ऑफिसात पुस्तकी बोलायचो, ट्रक स्टँडवर घरचं. त्यामुळे ड्रायव्हर माझ्याशी मोकळे असत. स्टँडवर चहाच्या टपरीशी दहा-बाराजण जमले होते. मी विषय काढताच सगळे एकदम बोलायला लागले.

“वाढवा ना सायेब! सडक पाहा कशी गुळगुळीत झाली. आमी का बैलगाडीच्या मांगं मांगं रेंगत जाचं?”

“मोटारवाले भन्नाट जातेत, अन आमी हळू गेलो तरी चलान आमच्याच नावानं.”

“अन अॅक्सिडेंट झाला तर?” मी विचारलं.

“अॅक्सिडेंट वेगानं नाई होत, सायेब. झोपेनं होते, नाईतर दारूनं.”

कोपऱ्यात नत्थुजी बसले होते. पांढरा सदरा, डोक्याला रुमाल, बोलणं कमी. युद्धाच्या काळापासून ट्रक चालवत होते आणि त्यांच्या गाडीखाली कोंबडीसुद्धा आली नव्हती. नवे ड्रायव्हर त्यांना उस्ताद म्हणत. मी त्यांना विचारलं, “तुमचं काय म्हणणं, नत्थुजी?”

“वाढवली तर चालते,” ते म्हणाले. “हात बसला पाह्यजे माणसाचा.”

म्हणून मी तपासणीला त्यांचीच गाडी घेतली. सगळ्यांत चांगला ड्रायव्हर. महिन्याभरापूर्वीच मी ती गाडी पास केली होती, तेव्हा चारही चाकांचे ब्रेक बरोबर लागत होते.

अपघातानंतर त्या बाईंना आम्ही चपराशासोबत दवाखान्यात पाठवलं. मग मी शर्ट काढला आणि ट्रकखाली शिरलो.

ट्रकचा ब्रेक तेलावर चालतो. पायाखालचं पेडल दाबलं की तेल नळीतून पुढे सरकतं. त्या नळीला एका ठिकाणी दोन फाटे फुटतात, एक पुढच्या चाकांकडे जातो, एक मागच्या. तेलाच्या दाबाने चारही चाकं आवळली जातात. मी ते फाटे शोधले. मागे जाणारी नळी जागेवर होती. पुढे जाणारी काढून गुंडाळून तारेने बांधून ठेवली होती, आणि ती जिथे जोडलेली असते त्या भोकात एक बोल्ट पिळला होता. चांगला घट्ट, कापूस गुंडाळून.

म्हणजे पुढच्या दोन चाकांना ब्रेकच नव्हता.

 आधी वाटलं, कोणीतरी नत्थुजींच्या जिवावर उठलंय. घाईने बाहेर आलो.

“नत्थुजी, तुमच्या गाडीचे समोरचे ब्रेक कोणीतरी तोडले!”

ते पोती मोजत होते. वळून म्हणाले, “कोणी नाई. मीच काढले.”

“तुमी?”

“व्हय. पासिंग झालं की काढतो. पासिंगच्या आधी जोडतो.”

अगदी साध्या आवाजात.  मी वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसलो.

“काहून पण?”

“समोरचा ब्रेक माणूस मारते, सायेब.” ते माझ्याजवळ येऊन बसले. “माह्या उस्तादाची गाडी होती. पावसाचे दिवस, सडकेवर काळी माती. त्यायनं ब्रेक दाबला. समोरचं एक चाक धरलं, दुसऱ्यानं धरलं नाई. गाडी गर्रकन फिरली अन उलटली. मी बाजूच्या सीटवर होतो. मी निंगालो, उस्ताद नाई निंगाले. त्या दिवसापासून समोरचा ब्रेक मी ठेवला नाई.”

“अन बाकीचे?”

“सारेच काढतेत. मीच शिकवलं त्यायले.”

मला ते खरं वाटेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर गेलो आणि काही न सांगता एका ट्रकखाली शिरलो. बोल्ट. दुसऱ्याखाली शिरलो. बोल्ट. तिसऱ्याची नळी हातोड्याने ठोकून चपटी केली होती. स्टँडवरच्या एकाही ट्रकला समोरचे ब्रेक नव्हते. हीच माणसं परवापरवा वेग वाढवा म्हणत होती, आणि मनापासून म्हणत होती. आपण अर्ध्या ब्रेकवर चाललोय, हे त्यांच्यापैकी कोणाला धोक्याचं वाटत नव्हतं. उलट त्यांच्या हिशेबी ती खबरदारी होती. मला सगळ्यांत मोठा धक्का बसला तो याचा.

मी अमरावतीला जाऊन साहेबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सगळ्या गाड्या?”

“पाहिल्या तेवढ्या सगळ्या, सर.”

“लायसन्स काढून घ्या एकेकाचं.”

“मग कापसाच्या हंगामात जिल्ह्यात ट्रकच चालणार नाही, सर. आणि नवे ड्रायव्हर येतील तेही याच उस्तादांकडे शिकलेले. मला एक तपासणी करू द्या. ओल्या सडकेवर.”

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “या वेळी बैलगाडी नको.”

आम्ही सडकेचा एक तुकडा दोन्हीकडून बंद केला. पाण्याच्या टँकरने भिजवला, वर काळी माती टाकली. नत्थुजींच्या ट्रकला समोरचे ब्रेक जोडले. खरी गोम होती ती इथे. दोन्ही चाकं सारखी आवळली पाहिजेत. एक घट्ट, एक सैल राहिलं की गाडी फिरते, उस्तादांची फिरली तशी. ब्रेकचा दोष नव्हता, जुळवणीचा होता. आमच्या मेकॅनिकने दोन्ही बाजू सारख्या करून दिल्या. साहेब, मालक आणि ड्रायव्हर बाजूला उभे होते. मी पुन्हा नत्थुजींच्या शेजारी बसलो. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“सायेब, तुमी उतरा. लेकरं हायेत तुमाले.”

“तुमाले नाईत का?”

त्यांनी गाडी काढली. वेग धरला. रेघ आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले, मी पाहिलं, आणि पाय दाबला. ट्रक डावीकडे नाही, उजवीकडे नाही, सरळ उभा राहिला. दुसरी रेघ अजून पुढे होती. नत्थुजी स्टिअरिंगवर डोकं टेकून रडायला लागले.

“उस्ताद वाचले असते,” एवढंच म्हणाले.

मालकांपैकी एकजण पुढे येऊन साहेबांना म्हणाला, “झालं ना मग! आता वेग वाढवायला हरकत नाही.”

त्याला उत्तर नत्थुजींनी दिलं, खिडकीतून. “नका वाढवू. पयले साऱ्या गाड्यायले ब्रेक लावा, मंग बोला.”

 बाकीच्या ड्रायव्हरांपैकी कोणी विरोध केला नाही. साहेबांनी अर्ज परत पाठवला. स्टँडवरच्या सगळ्या ट्रकांचे ब्रेक मी समोर उभं राहून जोडून घेतले.

पावसाळा लागला. मूर्तिजापूरजवळ मी सडकेवर गाड्या तपासत होतो, आधी न कळवता. भर दुपारी नत्थुजींचा ट्रक आला. मी हसून त्यांना रामराम केला, आणि त्यांच्या गाडीखाली फक्त रीत म्हणून वाकलो.

बोल्ट होता.

मी वर आलो. नत्थुजी मान खाली घालून उभे होते. पावसाने त्यांचा रुमाल भिजला होता.

“त्या दिवशी जे पाह्यलं ते खोटं नाई, सायेब. पण पाणी सुरू झालं की उस्ताद दिसतेत. समोरचा ब्रेक असला की पाय ऐकत नाई.”

त्यांनी स्वतःच पाना काढला, चिखलात उताणे झोपले आणि नळी जोडली. मी चलान केलं. त्यांनी मुकाट्याने अंगठा दिला.

वेगमर्यादा पुढे काही वर्षांनी वाढली. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात होतो. माणसाला एकदा पटलं की काम संपलं, असं आमच्या खात्यात धरून चालत. मी मात्र नोकरीत होतो तोवर, पहिला पाऊस पडून आठवडा झाला की न सांगता सडकेवर उभा राहिलो. भीती दरवर्षी नव्याने येते. तपासणीही दरवर्षी नव्याने करावी लागते.