साडूभाऊंचे क्रेट

माझ्या थोरल्या साडूंना उद्या कुणी चंद्रावर न्यायचं ठरवलंच, तर ते यान आधी कळंबला त्यांच्या पत्र्याच्या शेडपुढे उभं करावं लागेल, आणि एकदा ते तिथे उभं राहिलं की पुन्हा उडायचं नाही. चंद्रावर पाणी नाही असं कळल्यावर साडूभाऊ आधी जार चढवतील. दुकानं नाहीत म्हटल्यावर पिठाचा डबा, पोळपाट आणि शेगडी चढेल. शेवटी एखाद्या शास्त्रज्ञाने हात जोडून सांगितलं, की अहो, तिथे वस्तूंना वजनच फारसं राहत नाही, तर साडूभाऊंचा चेहरा उजळेल आणि ते म्हणतील, "मग तर आजून धा क्रेट बसत्याल."

क्रेट म्हणालो ते चुकून नव्हे. साडूभाऊ टोमॅटो करतात. आमच्या जुन्नर-आंबेगावात टोमॅटो करणाऱ्याच्या घरात माणसांपेक्षा प्लॅस्टिकचे क्रेट जास्त असतात, हे काही नवल नाही. पण ते क्रेट घेऊन लग्नाला, देवाला आणि समुद्रावर जाणारा माणूस आमच्याच वाट्याला आला. बॅग या वस्तूवर त्यांचा राग आहे. बॅग म्हणजे आंधळा कारभार, तळाला काय गेलंय ते वरून दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. क्रेट कसा, चहूबाजूंनी हवा खेळते, एकावर एक बसतो, आणि थकवा आला तर उलटा करून बूड टेकता येतं. मी जुन्नरच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवतो. माझ्याकडे एक बऱ्यापैकी चाकांची बॅग आहे. ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्यांनी तिला टिचकी मारली आणि मला इतक्या सहानुभूतीने विचारलं, "पावणं, ह्यात मावतं तुमचं?", की मला उगीचच माझा संसार लहान असल्यासारखं वाटलं.

क्रेट भरण्याचीही त्यांची रीत आहे. मार्केटला माल भरावा तसं ते सामान भरतात. कठीण माल तळाला, म्हणजे खलबत्ता, हातोडी, वजनाची इस्त्री. मऊ माल वर, म्हणजे केळी, पापड आणि लहान पोरं आजारी पडली तर लागणारी मऊ गोधडी. कपड्यांची ते प्रतवारी करतात. एक नंबरचा माल, म्हणजे कडक इस्त्रीचे शर्ट, वरच्या थराला. बदला माल, म्हणजे उसवलेल्या विजारी आणि विटलेल्या बनियनी, मधल्या थरात. ही प्रतवारी कुणासाठी हे मी एकदा विचारलं होतं. वरनं बघणाराला माल चांगला दिसला पाहिजे, एवढं सोपं उत्तर मिळालं. मग वर्तमानपत्र, त्यावर गोणपाट, आणि सगळ्या थप्पीवर ताडपत्री. हे इतकं सगळं कशाला, असं कुणी म्हटलं, की साडूभाऊ फक्त दोन शब्द बोलतात: "आन् लागलं तर?" या दोन शब्दांपुढे आजवर कुणाचं काही चाललेलं नाही. एकदा लेण्याद्रीच्या पायथ्याशी एका अनोळखी बाईच्या चपलेचा अंगठा तुटला आणि साडूभाऊंनी क्रेटातून खिळे, हातोडी आणि चपला शिवायचा दाभण काढून दिला. ती बाई त्यांना आशीर्वाद देऊन गेली आणि आमच्या घराण्याची सुधारण्याची शेवटची आशाही सोबत घेऊन गेली. त्या दिवसापासून हातोडी घरी ठेवायचा विषय काढायची सोय उरली नाही.

आता एवढं सामान म्हटलं की राखण आली. लॉजच्या खोलीत ते मावत नाही, उघड्या पिकअपला कुलूप लागत नाही, आणि साडूभाऊंचा जगावर विश्वास नाही. मग राखणीला कोण बसणार? अक्का. अक्का म्हणजे माझी थोरली मेहुणी, साडूभाऊंची बायको. तिला कुणी तसं सांगत नाही. गाडी थांबली, की सगळे खाली उतरून आळोखेपिळोखे देतात, अक्का एक क्रेट उलटा करते आणि बसते. लेण्याद्रीला ती पायथ्याशी बसली. अलिबागला समुद्राकडे पाठ करून बसली, कारण क्रेट रस्त्याच्या बाजूला होते. आमच्याकडच्या प्रवासाच्या फोटोंत अक्का कुठेच सापडत नाही. क्वचित एखाद्या कोपऱ्यात निळ्या थप्पीशेजारी अर्धा पदर दिसतो. माझी बायको सांगते की हे लहानपणापासूनचं आहे. त्यांचं माहेर तळेघरचं. एसटीचा भरवसा नाही, म्हणून डोंगरातून चालत चालत खाली येऊन घोडेगावची जत्रा बघायची. पोरी पाळण्यात बसायच्या आणि सगळ्यांच्या चपला आणि भाकरीचं गाठोडं धरून अक्का खाली उभी राहायची, थोरली म्हणून. पुढच्या वर्षी तू बस, असं वडील म्हणायचे. पुढच्या वर्षी गाठोडं आणखी मोठं असायचं.

तर या मे महिन्यात पूजाने, म्हणजे साडूभाऊंच्या लेकीने, खोपोलीच्या बाजूला असलेल्या त्या पाळण्या-घसरगुंड्यांच्या पार्कची सगळ्यांची तिकिटं काढली. तिला बंगलोरला नोकरी लागली होती, जूनमध्ये जायचं होतं, त्याआधी सगळ्यांनी एकदा मिळून जाऊ असं तिचं म्हणणं. मुलगी हुशार, बापाला ओळखून असणारी. तिने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्यात एक हसऱ्या चेहऱ्याची बाई अशा सहलीला सामान कसं भरावं ते शिकवत होती. माणशी एक छोटी पाठपिशवी. कपडे घडी न घालता गुंडाळायचे. एक टॉवेल, एक जादा जोड, मोबाईलला प्लॅस्टिकची पिशवी, खायचं काही नको, तिथे मिळतं. साडूभाऊंनी तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, पुन्हा पाहिला, आणि त्या बाईच्या घरी मोठं माणूस कुणी नसावं असा निष्कर्ष काढला.

अडचण निराळीच निघाली. अक्का यायला तयार होईना. पूजाने विनवलं, माझ्या बायकोने फोन केला, शेवटी आम्ही दोघं कळंबला गेलो. अक्का अंगणात कांदे निवडत होती. तिने हात न थांबवता सांगितलं, "मला सामानच राखायचं असंल तर मी घरचं राखते. हितं निदान सावली हाय." आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. पण इतक्या वर्षांत अक्काने स्वतःसाठी काही मागितल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ते मागणंसुद्धा नव्हतं, नुसतं घरी राहणं होतं. आई नाही तर मीपण नाही, म्हणून पूजा रुसून आत गेली. साडूभाऊ गडबडले. त्यांनी सगळ्यांसमक्ष शब्द दिला की या वेळी सामान अगदी थोडं घेऊ, राखायला कुणी बसणार नाही, आणि अक्काला त्या मोठ्या पाळण्यात ते स्वतः बसवतील. त्यांच्या तोंडी 'थोडं' हा शब्द ऐकून माझ्या बायकोने माझ्याकडे पाहिलं.

निघायच्या दिवशी पहाटे आम्ही भाड्याची जीप घेऊन कळंबला पोचलो तर शेडमध्ये दोन थप्प्या उभ्या होत्या, दोन्ही सारख्याच उंच, दोन्हींवर ताडपत्री. एक नारायणगावच्या मार्केटला जाणाऱ्या टोमॅटोची, ती त्यांच्या चुलतभावाच्या पिकअपमधून जायची होती. दुसरी आमच्या 'थोड्या' सामानाची. अक्काने दोन्ही थप्प्या पाहिल्या, नवऱ्याकडे पाहिलं आणि जीपमध्ये खिडकीशी जाऊन बसली. पूजाने आईचा हात धरून ठेवला. ती आली ती लेकीसाठी आली, हे कुणालाही दिसत होतं. साडूभाऊंना ते दिसलं की नाही सांगता येत नाही, कारण ते आत रश्श्याची कॅन भरत होते. मासवडीशिवाय आमच्याकडे सहल होत नाही. वड्या क्रेटमध्ये आणि रस्सा दुधाच्या कॅनमध्ये, अशी व्यवस्था. सांडू नये म्हणून कॅन त्यांच्या केबिनमध्ये, शेजारच्या सीटवर. आम्ही जीपमधून पुढे, साडूभाऊ पिकअप घेऊन मागे.

चाकणची गर्दी, तळेगाव, मग घाट उतरून आम्ही पार्कच्या आवारात पोचलो. भिंतीवरून तो अवाढव्य पाळणा दिसत होता. माझा मुलगा उड्या मारायला लागला. अक्काही मान वर करून बघत होती. मग तिने मान खाली घेतली आणि सवयीने पिकअपकडे चालू लागली. साडूभाऊंनी मोठ्या थाटात ताडपत्रीचा दोर सोडला, गोणपाट बाजूला केलं, वर्तमानपत्र उचललं. खाली टोमॅटो होते. त्यांनी दुसरा क्रेट उघडला. त्यातही टोमॅटो, एक नंबरचे, लाल, कडक. तिसरा उघडायचं धाडस त्यांना झालं नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चुलतभाऊ नारायणगावहून बोलत होता आणि त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "दादा, वरच्या थराला इस्त्रीचं शर्ट हायेत, खाली खलबत्ता निघाला. व्यापारी इचारतोय, ह्यो कंचा वाण?" पहाटे साडूभाऊ रश्श्यात गुंतले असताना त्याच्या माणसांनी हाताशी असलेली थप्पी उचलली होती. सगळ्या क्रेटवर खूण एकच, बांधणी एकच, आणि वजन तर टोमॅटोलाही लाजवणारं, मग शंका कुणाला येणार? आमचे टॉवेल, गोधड्या, हातोडी, मासवड्या, सगळं भर बाजारात मांडून बसलं होतं. आमच्याकडे रस्सा तेवढा होता. माझी बायको रस्त्याच्या कडेला जाऊन, तोंडात पदर कोंबून हसली. मी मात्र साडूभाऊंच्या दुःखात सामील असल्याचा चेहरा केला. तो बराच वेळ टिकवणं जड गेलं.

पण प्रश्न तर तसाच राहिला. टोमॅटो म्हणजे कपडे नव्हेत. उन्हातान्हात वाढवलेला माल असा उघड्यावर टाकून कुणी पाळण्यात बसत नाही. म्हणजे पुन्हा राखण आली. मी राखतो, असं मी म्हणालो, पण म्हणताना माझी पावलं गेटच्या दिशेला होती हे सगळ्यांनी पाहिलं. अक्काने मागचा रिकामा क्रेट ओढला, उलटा केला आणि पदर सावरून बसू लागली. पूजा रडवेली झाली. साडूभाऊ त्या उलट्या क्रेटकडे बघत राहिले. मग पुढे होऊन त्यांनी तो बायकोच्या हाताखालून काढून घेतला.

"तू जा," ते म्हणाले. "माझा माल हाय, मी राखतो."

अक्का जागची हलेना. तिला बहुधा खरंच समजलं नाही. उन्हात बसाल, डोकं दुखेल, असं काहीतरी ती पुटपुटली. साडूभाऊंनी खांद्यावरचा टॉवेल डोक्याला गुंडाळला आणि क्रेटवर बसले. बसताना थोडं इकडेतिकडे सरकले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की राखणीच्या क्रेटवर बसायची त्यांची ही पहिलीच वेळ. पूजाने आईला जवळजवळ ओढतच आत नेलं.

आत काय काय झालं ते लांबवत नाही. अक्का दोनदा नको म्हणाली आणि तिसऱ्यांदा पाळण्यात बसली, एका बाजूला लेक, एका बाजूला बहीण. पाळणा वर जाताना तिने डोळे गच्च मिटले होते आणि घोडेगावच्या जत्रेत तू कशी किंचाळायचीस ते माझ्या बायकोला सांगत होती. अगदी वर पोचल्यावर तिने डोळे उघडले, आणि मग खाली येईपर्यंत मिटले नाहीत. उतरल्यावर ती म्हणाली, आणखी एकदा. मग आणखी एकदा. शेवटी माझा मुलगा कंटाळला, अक्का नाही कंटाळली.

उन्हं कलल्यावर आम्ही बाहेर आलो तर साडूभाऊ तिथेच होते. मान लाल झालेली, पुढे रश्श्याची कॅन. आजूबाजूच्या बसगाड्यांच्या ड्रायव्हरांना बोलावून त्यांनी अर्धा रस्सा आणि दोन क्रेट टोमॅटो वाटून टाकले होते, आणि प्रत्येकाला प्रवासाला निघताना सोबत काय काय घ्यावं ते समजावून सांगितलं होतं. अक्काला पाहून ते उठले. कसं वाटलं, एवढंही त्यांना नीट विचारता आलं नाही. नुसती भुवई उडवली.

"वरनं लई लांबचं दिसतं," अक्का म्हणाली. "डोंगुर, रस्ता, गाड्या. तुमी बी दिसत व्हते." मग जरा थांबून, हळू म्हणाली, "लई एकटे दिसत व्हते वो."

साडूभाऊंनी टॉवेल काढून तोंड पुसलं. पुसायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ पुसलं. "मी बी जत्रंत पाळण्यातनं बघायचो, खाली तू सामानापाशी बसल्याली असायचीस," ते म्हणाले. "पर मी क्रेट मोजायचो."

त्या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल करत आलो आहे आणि पुढेही करणार आहे, पण तेव्हा मी उरलेल्या क्रेटवर ताडपत्री ओढायला लागलो. परतीच्या वाटेवर अक्का जीपमध्ये बसली नाही. ती पिकअपच्या केबिनमध्ये बसली, रश्श्याची रिकामी कॅन मांडीवर घेऊन.

यातून साडूभाऊ सुधारले असं कुणाला वाटत असेल तर तो गैरसमज आहे. पूजा बंगलोरला जाताना तिला बॅगेऐवजी दोन क्रेट द्यायचा त्यांचा बेत विमानतळावरच्या लोकांमुळे फसला, आणि त्या विमान कंपनीविषयी ते अजून कडवट बोलतात. दिवाळीत आम्ही सगळे पुन्हा लेण्याद्रीला गेलो, तेव्हाही थप्पी होतीच, हातोडीसकट. फक्त गाडी थांबल्यावर उलट्या क्रेटवर साडूभाऊ बसले आणि अक्का आमच्याबरोबर पायऱ्या चढली. ती दर थोड्या पायऱ्यांनी थांबायची आणि वळून खाली बघायची. तिला दम लागतोय असं समजून मी पाण्याची बाटली पुढे केली, तर तिने ती बाजूला सारली. खाली साडूभाऊ क्रेटवर उभे राहून टॉवेल हलवत होते.