मे महिन्यातही वाजलेली घंटा

माझ्या पोरीचं कौतुक मीच सांगतो. दुसरा कुणी सांगायला बसला की अर्धं विसरतो. तिचं नाव अर्पिता. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला हाय, मिशनच्या होस्टेलात ऱ्हाते आन् उन्हाळ्यात महिनाभर पूर्णेला घरी येते. मी नागेश, रेल्वेत चाबीवाला. हातोडा घेऊन रोज रुळावरून चालायचं आन् रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या की ठोकायच्या, हे माझं काम.

आमचं देऊळ, म्हंजे चर्च, रेल्वे कॉलनीच्या मागं हाय, पत्र्याचं, चार बाकांचं. बाहेर लिंबाला रुळाचा तुकडा टांगलाय, तीच घंटा. माझ्या बापानं टांगली. पण मे लागला की देवळाला कुलूप. मंडळीतली सगळी रेल्वेची माणसं, सुट्ट्या लागल्या की पास काढून जो तो गावाला. पाळकसाहेबबी शिबिरांना जातात. लय वर्षांची रीत, कुणाला काही वाटत न्हाई. मलाबी वाटत नव्हतं. मी तर बाकीचे अकरा महिनेबी ड्यूटीचं निमित्त सांगणारा गडी!

औंदा पोरगी आली आन् दुसऱ्याच दिवशी पाळकसाहेबांकडून देवळाची चावी घेऊन आली.

"होस्टेलात पाचची घंटा होते म्हणून प्रार्थनेला उठते, पप्पा," ती म्हणाली. "घरी आलं की आठ दिवसांत सगळं सुटतं. दर सुट्टीत हेच. या बारीला सुटू द्यायचं न्हाई."

"अगं, देवालाबी जरा सुट्टी दे की."

"तुमी तर त्याला कायमचं रिटायर केलंय."

घ्या! माझी बायको राजेश्री तोंडाला पदर लावून हसायली.

पहिल्या रविवारी पोरीनं घंटा वाजवली ती अशी, जणू शेजारणीचं दार ठोकायली. माझ्यानं बघवंना. "कडेला नको, मधी मार. मनगट सैल सोड," असं शिकवलं आन् मी मात्र घरी आलो. उपासनेला एकच माणूस आलं, कस्तुराबाई. गेल्या सालीच नालीपल्याड एकटी ऱ्हायला आलेली म्हातारी, तिला डोळ्यांनी दिसत न्हाई. ती पोरीला म्हणाली, "गेल्या मे महिन्यात घंटा झाली न्हाई. मला वाटलं, आता कानबी गेले. तशीच आले, हाताला कुलूप लागलं. ऊन डोक्यावर येईस्तोवर पायरीवर बसून ऱ्हायले, बाई."

घरी हे सांगताना पोरीचे डोळे भरले. मी मान खाली घालून जेवत ऱ्हायलो.

तिसऱ्या आठवड्यात पेच आला. गंगाखेडला माझ्या मेव्हण्याच्या पोरीचं लग्न, सोमवारी. हळद रविवारी. पास काढला, पिशव्या भरल्या, आन् ही म्हणते, "तुमी सकाळच्या गाडीनं जा. मी उपासना करून दुपारी येते."

माझं डोकंच फिरलं. "मामा काय म्हणतील? एका म्हातारीपायी बहिणीची हळद सोडती?"

"म्हातारीपायी न्हाई, माझ्यापायी. आज हळद, उद्या परीक्षा, परवा ड्यूटी. एकदा सोडलं की कारणं सापडत जातात. तुमाला ठाऊकच हाय, पप्पा."

ती आवाज न चढवता बोलली, म्हणून जास्त लागलं.

रविवारी सकाळी आमी दोघं स्टेशनात. राजेश्री डब्यात चढली, पिशव्या दिल्या, मी पायरीवर पाय ठेवला आन् देवळाकडून घंटेचा ठोका पडला. बरोबर मधी. मग दुसरा, तिसरा, सारखे, मी शिकवले तसे. बापाची आठवण आली. त्यानं हा तुकडा खांद्यावर वाहून आणला होता, आन् मी त्याचा पोटचा पोरगा गाडीच्या पायरीवर उभा! आपली एवढीशी पोर रिकाम्या बाकांपुढं उभी ऱ्हायला भीत न्हाई आन् मी मेव्हण्याला भितो. मला माझीच लाज वाटली.

"तू हो पुढं," मी राजेश्रीला म्हणलो. "आमी बापलेक दुपारी येतो."

लग्नाचा नवा शर्ट घामानं भिजवत देवळात पोचलो. पोरगी गीत म्हणायली होती. मला बघून तिचा सूर क्षणभर अडला, मग आणखी मोठा झाला. कस्तुराबाईनं विचारलं, "कोण आलं गं?"

"पप्पा आलेत," पोरगी म्हणाली. एवढ्या दोन शब्दांनी माझी छाती फुगली. मेडल मिळालं असतं तरी एवढी फुगली नसती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती होस्टेलला गेली. पाळकसाहेब अजून यायचे होते. रविवारी माझाच हातोडा घेतला आन् नऊ ठोके दिले. काठी टेकत कस्तुराबाई आली. "सलाम, अर्पिता," ती मंडळीतल्या रीतीनं म्हणाली. "आज लय जोरात वाजवलीस."

"सलाम. मी नागेश, मावशी. पोरगी गेली परवाच."

म्हातारी हसली, पायरी चाचपत म्हणाली, "मग कुलूप काढ की, बाबा."

चावी माझ्या खिशात होती. पोरीनं जाताना मला न विचारताच ठेवली होती.