न झालेली चौकशी

मनहरणला मी घाबरवलं, हे आधीच सांगून टाकतो. महिन्यापूर्वी तो गेल्याचा निरोप ग्रामपंचायतीत आला, तेव्हा मला दुःखाआधी भीती वाटली... आपलंच बोलणं त्याला भोवलं की काय?

छत्तीसगडहून तो करडी गावाजवळच्या आमच्या गावात राइस मिलच्या हमालीला आला आणि इथलाच झाला. गावाच्या कडेला स्वतः घेतलेल्या तुकड्यावर मातीचं घर, बायको बिसाहिन, दोन मुली. पावसाळ्यात भिंत फुगायची. तो बांबूचे टेकू लावायचा आणि भिंतीकडच्या बाजूला स्वतः झोपायचा. "पडली तं आधी मलेच उठवन," म्हणून हसायचा.

ग्रामसभेत घरकुलाची नावं ठरणार होती. आपलं नाव देऊ का, असं त्यानं मला विचारलं. मी पंचायतीचा सदस्य, ऐटीत म्हणालो, "कायले देतं बे? बाहेरच्या राज्यातला मानूस घरकुल मागते म्हनून चौकशी लागन. रेशन जाइन, गावातूनही काढतीन."

"इतकी वर्सं पोते तं तुमच्याच गावचे उचलले न, भाऊ?"

"चौकशीवाले पोते नाही, कागद पाहतेत."

त्याच्याकडे रेशनकार्ड होतं, तो मतदानही करायचा. नियम मी वाचलेच नव्हते. पण 'माहीत नाही' म्हणणं मला कमीपणाचं वाटलं.

तो ग्रामसभेला आलाच नाही. पुढे सरकारी गाडी दिसली की धानाच्या बांधाआड जाऊन बसे. रेशन आणणंही सोडलं. मी वर थट्टा करायचो, "अजून गावातच आहेस का बे?" तो हसायचा नाही...

या पावसाळ्यात त्याला ताप चढला. बिसाहिन सरकारी दवाखान्यात चल म्हणत राहिली. "तिथं नाव लिहितेत," एवढंच तो म्हणे. शेवटी नेलं, तेव्हा उशीर झाला होता. स्मशानातून परतल्यावर तिनंच हे सांगितलं.

मग मी ग्रामसेवकाला विचारलं. तो म्हणाला, "बसलं असतं न नाव. तुमाले कोनं सांगतलं नाही म्हनून?"

तिथून उठून मी तिच्या दारात गेलो. मला पाहताच तिनं मुलींना आत ओढलं.

"भाऊ, चौकशी आली का?"

"चौकशी कोनतीच नव्हती, वहिनी. थे मी माझ्या मनानं सांगतलं होतं. मले माहीत नव्हतं, अन् तसं म्हनाची लाज वाटली. तुमचा मानूस माझ्या बोलन्यानं भेला. मले माफ करा."