पाणचिऱ्याची नोंद

मी कमी बोलतो. घरी, शाळेत, सोसायटीच्या मीटिंगमध्ये, सगळीकडेच. लोक त्याला माझा सज्जनपणा समजतात. खरं म्हणजे सात वर्षं मी एक खोटं सांभाळत होतो आणि खोटं सांभाळणाऱ्याने फार बोलू नये, एवढी अक्कल मला होती. ते कुणाच्या जिवावर बेतणारं नव्हतं. एका पक्ष्याबद्दलचं होतं. आता कबूलच करायचंय तर पहिल्यापासून सांगतो.

कोथरूडच्या एका शाळेत मी गणित शिकवतो. हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी मात्र पक्षी बघायला नदीवर असतो. मुठेच्या काठाने विठ्ठलवाडीपासून संगमापर्यंत, तिथून मुळा-मुठेच्या काठाने थेट लोणी काळभोरजवळच्या कवडीपर्यंत, तुकड्यातुकड्याने, गेली दहा वर्षं. पुण्याची नदी म्हटल्यावर वाचणाऱ्याने नाक मुरडलं तरी हरकत नाही, आम्हीही मुरडतो. पण शेकाट्यांची काही तक्रार नसते. गुडघे वर उचलत, लांब गुलाबी पायांनी ते त्या पाण्यात असे चालतात, जशी एखादी सोवळ्यातली बाई गर्दीच्या मांडवातून वाट काढतेय.

आम्ही म्हणजे मी आणि खडकीचे काका. काका दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार माल हातात घ्यायचा, मोजायचा, पास किंवा रिजेक्ट म्हणायचं, यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी नदीवरचे पक्षी तपासायला घेतले. त्यांच्याकडे एक जाड वही होती. तारीख, जागा, पक्षी, कोणी पाहिला आणि शेवटच्या रकान्यात साक्षीदार. काकांच्या तोंडून स्तुती ऐकणं हा नदीवरचा सर्वांत दुर्मिळ प्रकार. सूर्योदय बघूनही ते फार तर ‘ठीक आहे’ म्हणत.

सात वर्षांपूर्वी आम्ही बंडगार्डनच्या बंधाऱ्यापाशी उभे होतो. कुणा शेठजींच्या देणगीतून, कॅम्पाला पाणी मिळावं म्हणून बांधलेला हा जुना बंधारा. आता त्यावरून पाणी कमी आणि फेस जास्त पडतो. काका थर्मासचं झाकण उघडत होते. ऊन समोरून होतं. तेवढ्यात पाण्यालगत एक काळसर, लांब पंखांचा पक्षी सरकला आणि मी ओरडलो, “पाणचिरा!”

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाणचिऱ्याची खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असते. ती पाण्यात बुडवून तो उडत उडत पाणी चिरत जातो. आपल्याकडे तो दिसणं म्हणजे तुळशीबागेत सिंह दिसण्यासारखं.

पक्षी वळला. ऊन त्याच्या अंगावर पडलं आणि मला स्वच्छ दिसलं की तो साधा नदीसुरय आहे. रोज दिसणारा, पिवळ्या चोचीचा. या सगळ्याला फार तर चार सेकंद लागले असतील. पाचव्या सेकंदाला काका वर बघत होते आणि पक्षी पुलापलीकडे गेला होता.

“चोच बुडवली होती का पाण्यात?” काकांनी विचारलं.

आणि मी म्हणालो, “हो.”

काकांनी वही काढली, लिहिलं, टोपण लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “डोळा आहे तुम्हाला.”

पंचेचाळीस वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. माझ्या वडिलांनी बोर्डाच्या परीक्षेत गणितात पैकीच्या पैकी मिळाले तेव्हा ‘बाकीच्या विषयांचं काय?’ असं विचारलं होतं. काकांचे ते तीन शब्द मी घरी घेऊन आलो. परत कसे करणार?

पुढे हे वाढतच गेलं. नदीवर कुणी नवा माणूस भेटला की काका माझी ओळख ‘हे पाणचिरावाले’ अशी करून देत. लोक मला बारकावे विचारत आणि मी लाजून खाली बघत असे. त्यालाही लोक नम्रपणा समजले. वर्गात कॉपी सापडली की मी मुलांना सचोटीवर पंधरा मिनिटं ऐकवायचो. नंतर नंतर पाचच मिनिटं ऐकवू लागलो. शेवटी तर नुसता पेपर काढून घ्यायचो.

मागच्या नोव्हेंबरात काकांनी वहीचं पुस्तक करायचं ठरवलं. नदीकाठच्या शाळांमध्ये वाटायला, छोटंसंच. शनिवार पेठेतल्या छापखान्यातून मुद्रितं आली आणि गणिताचा मास्तर म्हणून आकडे तपासायला ती माझ्याकडे पाठवली गेली. पाणचिऱ्याला स्वतंत्र पान होतं. वर चित्र, खाली माझं नाव.

बायको चहा घेऊन आली. “अहो, तीन दिवस त्याच पानावर आहात. काय चुकलंय त्यात?”

“चित्र बरोबर आहे,” मी म्हणालो.

“मग?”

“मी चूक आहे.”

तिला सगळं सांगितलं. तिने चहाचा कप मुद्रितांपासून दूर सरकवला. मग म्हणाली, “सात वर्षं? मला वाटायचं, तुम्हाला पित्त आहे.” आणि इतकी हसली, इतकी हसली की शेवटी मलाही हसू आलं. मग डोळे पुसत म्हणाली, “पण पुस्तक छापायच्या आधी सांगा हो. त्या म्हाताऱ्या माणसाचं नाव आहे त्यावर.”

पुढच्या रविवारी विठ्ठलवाडीला, देवळामागच्या घाटाच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो होतो. समोर जलपर्णीवरून एक ढोकरी बगळी एकेक पाऊल मोजत चालली होती. काय बोलायचं ते मी घरून पाठ करून आलो होतो. त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही.

“काका, तो पाणचिरा नव्हता.”

“कोणता?”

“बंधाऱ्यावरचा. नदीसुरय होता. मला तेव्हाच कळलं होतं.”

काकांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. चहा न पिताच. एरवी ते मला ‘तुम्ही’ म्हणतात. आता म्हणाले, “आपण हे सात वर्षांनी सांगताय.” पुण्यात माणूस ‘तुम्ही’वरून ‘आपण’वर आला की समजावं, दार लागलं.

ते उठले आणि स्कूटरवर बसून निघून गेले. मी पायऱ्यांवरच बसून राहिलो. वाईट वाटतच होतं. पण खोटं कशाला बोलू, छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखंही वाटत होतं. त्या ढोकरीने त्या दिवशी तीन मासे पकडले. मी सगळे पाहिले.

बुधवारी फोन आला. नमस्कार वगैरे नाही.

“एक नग खोटा निघाला की आमच्याकडे काय करायचे माहितीये?”

“तो बाजूला काढायचे?”

“अख्खा लॉट परत तपासायचे. वहीत तुमच्या एकट्याच्या अजून सतरा नोंदी आहेत. साक्षीदार नाही. एकूण एक पक्षी मला दाखवायचा. दाखवलात तो पास, नाही दाखवलात तो रिजेक्ट. छापखान्याला फेब्रुवारीअखेरपर्यंत थांबायला सांगितलंय. रविवारी साडेसहाला. उशीर करू नका.”

‘करू नका’ म्हणाले. ‘आपण’ गेलं होतं. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण दोन भांडी घासली.

मग सुरू झाला आमच्या आयुष्यातला सर्वांत विनोदी हिवाळा. दर रविवारी आणि मधल्या सुट्ट्यांना दोन प्रौढ माणसं एका नदीच्या काठाने गुन्ह्याचा पंचनामा केल्यासारखी हिंडत होती. पुढे मी, मागे हातात यादी घेऊन काका.

लकडी पुलाखाली तुतवार दाखवला. शेपटी हलवत दगडावर उभाच होता बिचारा. काकांनी दुर्बीण लावली, मिनिटभर बघितलं आणि खूण केली. मग वर पुलाकडे बघत म्हणाले, “हा लाकडाचा होता तेव्हा लोकांना पलीकडे जायचं होतं. आता दगडाचा आहे आणि लोकांना त्यावर थांबून फोनवर बोलायचंय.”

संगमावर छोटा खंड्या मिळाला. निळी ठिणगी पाण्यात पडावी तसा पडला आणि मासा घेऊन वर आला. इथे इंग्रज रेसिडेंटाचा बंगला होता आणि खडकीच्या लढाईच्या वेळी आपल्या लोकांनी तो जाळला, हे काकांनी मला दहा वर्षांत निदान तीसदा सांगितलं असेल. खडकीकर म्हणून त्यांना ती लढाई घरची वाटते. “बंगला जाळला आणि लढाई हरलो,” ते दर वेळी म्हणतात. “कामाचा क्रम चुकला.”

अकरावी नोंद टिटवीची होती.

“काका, टिटवी तरी सोडा. टिटवी कुणाला माहीत नाही?”

“तुम्हीही मला माहीत होतात,” काका म्हणाले.

टिटवी दाखवायला दीड तास लागला. नको असते तेव्हा डोक्यावर येऊन कोकलते. त्या दिवशी सगळ्या टिटव्या जणू गावाला गेल्या होत्या.

हळदीकुंकू बदकांसाठी कवडीला गेलो. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हे नाव. तिथल्या बंधाऱ्यावर अर्धा तास उभे होतो. मकवानाचा भारा डोक्यावर घेतलेली एक बाई थांबली.

“काय हरवलंय व्हय?”

“बदकं बघतोय, मावशी,” मी म्हणालो.

“ती हळदीकुकू लावल्याली? मग हितं काय करताय? ती खालच्या अंगाला हायत की, त्या बाभळीपशी. रोजच असत्यात.” मग काकांच्या हातातल्या यादीकडे बघून म्हणाली, “शिरगणती चाललीय जणू?”

“यांची चाललीय,” काका माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. “बदकांवर आमचा विश्वास आहे.”

ती बदकं बाभळीपाशीच होती. सात होती. पास.

जानेवारी संपेपर्यंत सोळा नोंदींवर काकांची सही झाली. पक्ष्यांकडे मी इतक्या मनापासून कधीच बघितलं नव्हतं. आधी मी नदीवर स्वतःला दाखवायला जात होतो. आता पक्षी दाखवायला जात होतो. काकांच्या डब्यातली थालीपीठं पुन्हा माझ्याकडे येऊ लागली होती. ‘डोळा आहे’ मात्र पुन्हा ऐकू आलं नाही.

राहिला सतरावा. पाणलावा.

हा मी खरंच पाहिला होता. विठ्ठलवाडीच्या वरच्या अंगाला, पाणकणसांच्या जाळीत. डोळ्याभोवती पिवळसर चष्मा घातल्यासारखी कडा असलेला नर आणि त्याच्यामागे तीन पिल्लं. या पक्ष्यात पिल्लं बापच वाढवतो. मादी अंडी घालून निघून जाते. तो बाप एकेक पाऊल टाकून थांबे, मागे बघे, पिल्लं आली की पुढचं पाऊल. मी श्वास धरून वीस मिनिटं बघितलं होतं. काका त्या रविवारी लग्नाला गेले होते.

आम्ही तिथे गेलो तेव्हा जाळी नव्हती. काठ सपाट करून फरशी घातली होती. बसायला बाकही होते. एका बाकावर एक आजोबा जोरजोरात टाळ्या वाजवून व्यायाम करत होते.

“इथे होता?” काकांनी विचारलं.

“त्या बाकाच्या जरा मागे.”

काका बाकावर बसले. “जागा गेली म्हणून पक्षी मरत नाही. दुसरीकडे असेल. शोधू.”

पुढचे तीन रविवार शोधला. फेब्रुवारीचा शेवटचा रविवार कवडीला उगवला. बंधाऱ्याच्या खाली अजून थोडी पाणकणसं उभी आहेत, त्यांच्यासमोर आम्ही दोन तास चिखलात बसून होतो. माझ्या बुटात पाणी शिरलं. मी खाली वाकून बूट काढला, मोजा पिळला आणि तेवढ्यात काकांनी माझा खांदा इतका जोरात दाबला की मी ओणवा झालो.

“तो! तो बघा! चष्मा! अहो, चष्मा आहे डोळ्याला!”

मी मान वर केली. कणसं हलत होती. नुसती कणसं.

काका उभे होते. बहात्तर वर्षांचा माणूस, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहरा असा की पहिलीतल्या मुलाचा दात पडलाय. “दिसला ना? अगदी समोरून गेला. दिसला ना तुम्हाला?”

वही त्यांच्या हातात उघडी होती. पेनाचं टोपण निघालं होतं. मी ‘हो’ म्हटलं असतं तर माझी सतरावी नोंद पास होणार होती, त्यांच्या नोंदीला साक्षीदार मिळणार होता, पक्षी पुस्तकात जाणार होता. आणि पक्षी तिथे होताच. यात खोटं काय होतं?

“नाही, काका,” मी म्हणालो. “मी मोजा पिळत होतो.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. माझ्या एका हातात बूट होता, दुसऱ्या हातातून पाणी ठिबकत होतं.

“अहो,” काका म्हणाले, “सात वर्षं मिळाली होती तुम्हाला. नेमका आजच मुहूर्त सापडला खरं बोलायला?”

“चोच कशी होती त्याची?” मी विचारलं.

“लांब. टोकाशी किंचित वाकलेली.” मग ते थबकले. “तुम्ही मला तपासताय?”

“साक्षीदार नाही ना तुमच्याकडे.”

काका खो खो हसायला लागले. समोरच्या पाण्यातून शेकाट्यांचा थवा उडाला. मग तिथेच उभं राहून त्यांनी यादीतल्या सतराव्या ओळीवर रेघ मारली, वहीत स्वतःची नवी नोंद अर्धी लिहिली होती तिच्यावरही मारली, दोन्हीकडे तारीख घातली आणि पेन माझ्यापुढे केलं. मी दोन्ही रेघांशेजारी सही केली.

पुस्तक निघालं. त्यात पाणलावा नाही. पाणचिऱ्याचं पान काकांनी काढलं नाही. चित्राखाली एवढंच आहे: पुण्यात दिसल्याची एक नोंद होती, निरीक्षकाने ती स्वतः मागे घेतली. पुढे माझं नाव, संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. शाळेतल्या मुलांनी वाचलंय. एकाने वर्गात विचारलंही आणि मी पंधरा मिनिटं सांगितलं.

कवडीला आम्ही अजून जातो. कणसांसमोर बसायच्या आधी काका माझे बूट तपासतात.